मोतीलालला कोणी ‘बे’ म्हणेना

खैरीटोल्यात नवा मास्तर येवो, विजेच्या तारांवर चढणारा लाइनमन येवो, नाही तर दवाखान्याची नर्सबाई येवो, पहिल्या आठवड्यात तिच्या किंवा त्याच्या हातात एक बादली यायचीच. बादली देणारा माणूस एकच, मोतीलाल कोष्टी. कोणाचं लग्न असो, तलावाची पाळ बांधायची असो, मारुतीच्या देवळाला चुना मारायचा असो. हा परक्या माणसाला घरातून ओढून आणणार, कामाला लावणार आणि वर भर चौकात त्याच्यावर खेकसणार. मास्तर बिचारा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उभा, आणि पाळीवरून मोतीलाल ओरडतोय, “काय बे मास्तर, घमेलं हाय ते, फळ्यावरचा खडू नाही.” महिनाभरात मास्तर गावचा होऊन जायचा. लोकांना वाटे, मोतीलालचं तोंडच फाटकं. तोंड फाटकं होतंच, त्याबद्दल वाद नाही. पण ज्यानं स्वतः आठ वर्षं एका ‘बे’साठी वाट पाहिली, त्याला त्या अक्षराचं मोल दुसऱ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

भंडाऱ्याकडे ‘बे’ म्हणजे काय, हे पुण्यामुंबईच्या माणसाला सांगावं लागेल. त्याला तो उद्धटपणा वाटतो. वाटू द्या. इकडे साहेबाला कोणी ‘बे’ म्हणत नाही, पाव्हण्याला म्हणत नाही, ज्याच्यावर राग आहे त्याला तर मुळीच म्हणत नाही. ज्याच्या खांद्यावर न विचारता हात टाकता येतो, त्यालाच ‘काय बे’.

मोतीलाल मूळ भंडारा शहरातला. कोष्ट्यांच्या गल्लीत जन्मला, मागाच्या खटखटीत वाढला. गल्लीत कोणाच्याही घरी कार्य असलं की पाणी भरायला, मांडव घालायला, वाढायला, भांडायला सगळ्यात पुढे हा. सकाळपासून रात्रीपर्यंत गल्ली ‘मोत्या, मोत्या’ करायची. त्र्याहत्तर साली त्याचं लग्न झालं खैरीटोल्याच्या सुलोचनाशी. खैरीटोला म्हणजे अड्याळच्या पलीकडचं, तलावाच्या काठचं, धानाच्या बांध्यांनी, म्हणजे भाताच्या खाचरांनी, वेढलेलं गाव. सुलोचना ही गोमाजींची एकुलती एक लेक. गोमाजींना मुलगा नव्हता, घरात माग होता, थोडी धानाची बांधी होती. म्हणून मोतीलाल घरजावई झाला. मनातून खूश होता गडी. गल्लीत एवढी मजा, तर अख्ख्या गावात किती.

अड्याळला एसटीतून उतरला तेव्हा त्याच्या डोक्यावर पत्र्याची पेटी होती. समोरून खैरीटोल्याचे श्यामराव आले. गावातलं कोणतंही सामायिक काम असो, हुकूम त्यांचाच. मिशा जाड, आवाज त्याहून जाड. त्यांनी पेटी पाहिली आणि अंगावर साप पडावा तसे धावले. पेटी हिसकून स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि म्हणाले, “पाव्हणे, आमच्या गावात माणसं मेली काय?”

त्या दिवसापासून मोतीलालच्या डोक्यावर गावानं काही चढू दिलं नाही. कारण गावची लेक ती सगळ्या गावची लेक, आणि तिचा नवरा सगळ्या गावचा जावई. जावई पाव्हणा म्हणून येतो, दोन दिवस राहतो, मान घेतो आणि जातो. त्या दोन दिवसांसाठी ही रीत ठीक आहे. पण हा जायचाच नाही. आणि गावाला मान आवरता येईना. विहिरीवर गेला की हातातला दोर जायचा. कुऱ्हाड उचलली की कोणीतरी “द्या जी इकडे” म्हणून घेऊन टाकायचं. चावडीवर गप्पा रंगल्या असल्या आणि मोतीलाल आला, की सगळे उठून उभे, खाट झटकली, चहा मागवला. आणि मग शांतता. पाव्हण्यासमोर काय बोलणार? पाऊसपाण्याचं विचारायचे. मोतीलाल चहा फुंकत बसायचा. तो उठून वळणावर गेला की मागे हशा फुटायचा. हसण्याचा विषय तो नसायचा, हीच तर चीड.

माणसाला गावाबाहेर काढायला दगड मारावे लागतात असं थोडंच आहे. खाट दिली तरी काम होतं.

खैरीटोल्यात सामायिक कामाला मजूर लावत नसत. घरटी एक माणूस, आपापलं अवजार घेऊन, फुकट. पाळ तशीच, देऊळ तसंच, लग्नाचा मांडवही तसाच. लाकडं एकाची, दोर दुसऱ्याचे, पळसाच्या पत्रावळी बायांनी लावलेल्या, आणि गावची पोरंमाणसं वाढायला. गोमाजींच्या घरचा माणूस म्हणून स्वतः गोमाजी जायचे, कंबरेवर हात ठेवून कण्हत कण्हत. तिशीतला जावई खाटेवर.

लग्नात तर फारच वाईट. मोतीलालला पहिल्या पंगतीत, पाटावर, वरच्या टोकाला बसवत. पत्रावळीवर बुंदीचा डोंगर. वाढणारा हात जोडून म्हणणार, घ्या जी, घ्याच. आणि सगळं आटोपल्यावर मांडवामागे चुलीपाशी वाढप्यांची पंगत बसायची. सगळ्यात शेवटची. भात गंजाच्या, म्हणजे मोठ्या पातेल्याच्या, बुडाचा, खरवडून काढलेला, भाजीत नुसता रस्सा. पण तिथून जो खिदळण्याचा आवाज यायचा, त्यानं मोतीलालच्या पोटातली बुंदी कडू व्हायची. कोण कसा घसरला, कोणी वरात आली म्हणून मिठाऐवजी साखर वाढली, कोणाचं धोतर सुटलं. सगळी मजा तिथे. तिथे सगळे एकमेकांना ‘बे’ म्हणत.

त्यानं प्रयत्न केले नाहीत असं नाही. श्यामरावांच्या मुलाच्या लग्नात तो पहिल्या पंगतीतून ताडकन उठला आणि वरणाची बादलीच धरली. पंगत थिजली. बायांनी पदर तोंडाला लावले. श्यामराव घामाघूम होऊन आले, बादली सोडवून घेतली, बाजूला नेऊन हात जोडले. त्यांना वाटलं, पाव्हणे रुसले. वाढण्यात काही कमी पडलं म्हणून स्वतः वाढून घ्यायला निघाले. मोतीलाल शपथा घेऊन सांगू लागला की रुसलो नाही. आता जो रुसतो तो हेच म्हणतो. मग त्याला परत पाटावर बसवून, कुंकू लावून, रुसवा काढायला एक नवा दुपट्टा खांद्यावर टाकला. मोतीलालनं दुपट्ट्याचा काठ पाहिला. काठात एक लाल धागा चुकलेला होता. दुपट्टा त्यानंच विणलेला, अड्याळच्या बाजारात गेलेला आणि फिरून त्याच्याच गळ्यात आलेला.

नंतर हे नेहमीचंच झालं. हा कामाला हात लावणार, गाव समजणार रुसला, आणि खांद्यावर दुपट्टा. सुलोचना पेटीत घड्या घालून ठेवायची आणि म्हणायची, “माग बंद करा न जी. रुसून रुसूनच घर चालन आपलं.”

ऐंशीच्या उन्हाळ्यात पाळीचं काम निघालं. मोतीलाल उजाडायच्या आत फावडं घेऊन तलावावर गेला. गाव यायच्या आधीच काम करून टाकू, मग कोण कसं थांबवतो ते पाहू. गाव आलं तेव्हा हा मातीनं लडबडलेला, हाताला फोड, चेहऱ्यावर असा आनंद की जणू गुप्तधन सापडलं. आणि गावाच्या चेहऱ्यावर सुतक. गोमाजींना बोलावलं. म्हातारा धापा टाकत आला, जावयाचे फोड पाहिले आणि पाळीवरच मटकन बसला. लोक म्हणतील गोमाजीनं जावई आणला का बैल आणला, असं म्हणून त्यांनी कपाळाला हात लावला. आता कोणत्या तोंडानं फिरू, कोणत्या बाजारात जाऊ. श्यामरावांनी गावाच्या वतीनं गोमाजींची माफी मागितली, गोमाजींनी गावाची मागितली, आणि मोतीलालच्या खांद्यावर, मातीवरूनच, दुपट्टा.

त्याचं डोकं फिरलं. फावडं तिथंच फेकलं आणि तो तरातरा निघाला. तलावाच्या कडेलाच रुखमाबाईचं घर होतं. ती ओसरीवर सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती आणि सगळा तमाशा बघून तिला हसू आवरत नव्हतं.

रुखमा साकोलीकडची, लग्न होऊन खैरीटोल्यात आलेली. नवरा तापानं गेला तेव्हा लेक बेबी लहान होती. माहेरी कोणी उरलं नव्हतं, भाऊ नव्हताच. गाव तिच्याशी वाईट वागत नव्हतं. उलट, घरटी एक माणूस मोजताना तिचं घर वगळून पुढे जायचं. बिचारी एकटी बाई, तिला कशाला त्रास. देवळाला चुना मारताना ती ब्रश घेऊन गेली तर “तुम्ही घरी बसा वं बाई” म्हणून परत पाठवली. आता बेबीचं लग्न ठरलं होतं, येत्या फाल्गुनात. आणि रुखमाला एकच घोर. ज्या गावानं तिला कोणाच्या मांडवाला हात लावू दिला नाही, त्या गावाला ‘माझा मांडव घाला’ असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? ती मानी होती. दयेचा मांडव तिला नको होता.

मोतीलाल ओसरीवर धप्पकन बसला आणि गावाच्या नावानं बोटं मोडू लागला. रुखमा विडीला दोरा गुंडाळत म्हणाली, “तुमाले मान मारून राहिला, मले दया. बसा, पाणी घ्या.”

मग तिनं आपलं गाऱ्हाणं सांगितलं. मांडवाचं तर आहेच, पण बेबीच्या मागे मामा म्हणून कोण उभं राहणार? आणि मामा म्हणजे काय नुसता उभा राहायला असतो? पाणी वाहायचं, लाकडं फोडायची, वऱ्हाड सांभाळायचं. सहज बोलता बोलता ती म्हणाली, आपल्याला भाऊ असता तर या गावानं त्याला घाण्याला जुंपला असता.

मोतीलालनं पेला खाली ठेवला. “काहून?”

“काहून म्हंजे? मी गावची सून. माह्या भाऊ म्हंजे गावचा साळा झाला असता न जी. साळ्याले कोण खाट देते?”

खरंच होतं ते. जावयाला जेवढा मान, तेवढी साळ्याची टिंगल. सुनेचा भाऊ गावात आला की लहानथोर सगळे त्याला राबवणार, चिडवणार, त्याच्या टोपीत बेडूक ठेवणार. रीतच तशी. मोतीलाल असा उठला की सूप उलटं झालं आणि वळलेल्या विड्या अंगणभर पळाल्या. तो रांगत रांगत विड्या गोळा करत होता आणि म्हणत होता, “रुखमाबाई, मले भाऊ करून घ्या. पाय पडतो. साळा करा मले.”

रुखमानं त्याच्याकडे नीट पाहिलं. चेष्टा करतो आहे की काय. मग म्हणाली, “भाऊ झाले तं राबा लागन. मी काही सोडणार नाही हं.” यापेक्षा गोड वाक्य मोतीलालनं खैरीटोल्यात ऐकलं नव्हतं.

त्या भाऊबीजेला रुखमानं त्याला ओवाळलं. मुद्दाम अंगणात, मुद्दाम भर दुपारी, मुद्दाम मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दिवसांत, जेव्हा गावात घरोघरी पाव्हणे असतात. मोतीलालनं तिला स्वतः विणलेलं लुगडं दिलं. सुलोचना हसून हसून ओसरीच्या खांबाला टेकली; म्हणाली, आता मला नणंद आली, आता माझे हाल. पण गोमाजींनी जेवण सोडलं. जावई आपण होऊन साळा झाला, हे त्यांनी सात पिढ्यांत ऐकलं नव्हतं. जावयाशी बोलणं बंद.

गाव चक्रावलं. चावडीवर वाद सुरू झाला आणि फाल्गुनापर्यंत मिटेना. एकच माणूस, बायकोच्या बाजूनं जावई, बहिणीच्या बाजूनं साळा. त्याला खाट द्यायची की कुऱ्हाड? कोणी म्हणे आधीचं नातं मोठं. कोणी म्हणे सकाळी जावई, दुपारी साळा. शेवटी लग्नाच्या दोन दिवस आधी श्यामरावांनी मोतीलालला समोर उभं केलं. पहिल्यांदाच उभं केलं, बसवलं नाही.

“हे पाहा,” श्यामराव म्हणाले, “दोन्ही भेटत नाही. एक तं खाट, नाही तं बादली. बादली घेतली तं जावयाचा मान संपला. मंग रुसाचं नाही.”

मोतीलाल घरी गेला. परत आला तेव्हा डोक्यावर खाट होती, तीच, त्याची. खाटेवर गाठोडं. गाठोडं सोडलं तर आठ वर्षांचे दुपट्टे. “हे वाढप्याईच्या कमरेले होतीन,” तो म्हणाला. खाट तशीच पुढे रुखमाच्या अंगणात नेली आणि खाटेवर लग्नाच्या भाजीची वांगी ओतली.

मग मात्र गाव रुखमाच्या अंगणात आलं, कारण मांडव आता एकट्या बिचाऱ्या बाईचा नव्हता, गावच्या साळ्याच्या बहिणीचा होता. रुखमाला कोणाच्या पाया पडावं लागलं नाही. उलट तीच कंबर खोचून हुकूम सोडत होती आणि बाया पोळपाट घेऊन तिच्या हुकुमात बसल्या होत्या. मोतीलालनं पाणी वाहिलं, लाकडं फोडली, मांडवावर चढून जांभळीच्या फांद्या अंथरल्या. पण लोकांची जीभ वळेना. “पाव्हणे, जरा दोर फेकता का जी?” “पाव्हणे, तेवढा गंज उचलता का?” आठ वर्षांची सवय, ती काय ठरावानं जाते? मोतीलालला राबायला मिळत होतं, पण कानाला हवं ते मिळत नव्हतं. तो वाट पाहत होता. दुसरीकडे गोमाजी मांडवाबाहेर निंबाखाली पाठ फिरवून बसले होते. आले होते, पण आत येत नव्हते.

लग्न लागलं. मामा बेबीच्या मागे उभा राहिला आणि सगळ्यात मोठ्यानं तोच रडला. पंगत बसली. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला नवरदेवाकडचं वऱ्हाड. बुंदीचं टोपलं मोतीलालच्या हातात आलं.

आता मोतीलालला वाढणं येत होतं, पण खैरीटोल्यातलं वाढणं त्यानं एकाच बाजूनं पाहिलं होतं. वरच्या टोकाला, पाटावर बसून. इथे असंच वाढतात, अशी त्याची समजूत. त्यानं गावाच्या रांगेतल्या पहिल्या माणसापुढे बुंदीचा डोंगर केला. नको नको म्हणणाऱ्याचा हात बाजूला सारला, हात जोडले, घ्याच जी म्हणून आणखी एक मूठ. दुसऱ्यापुढे तसाच डोंगर. तिसऱ्यापुढेही. लोक खूश, तो त्याहून खूश, घाम पुसत, नाचत नाचत रांगेच्या टोकाला पोचला तेव्हा टोपल्यात चार दाणे. आणि समोर वऱ्हाडाची अख्खी रांग, पत्रावळीवर मीठ आणि लिंबाची फोड घेऊन, त्याच्याकडे बघत बसलेली.

श्यामरावांनी ते पाहिलं. मांडवाच्या दुसऱ्या टोकावरून त्यांचा आवाज आला, जाड, फाटका, कसलाही विचार न केलेला.

“काय बे मोत्या, साऱ्याईले जावई समजून राहिला का बे? वऱ्हाडाले काय तलावाची माती वाढू?”

 श्यामरावांचा स्वतःचाच हात तोंडावर गेला. पातेल्यापाशी रुखमा उभी राहिली. आणि मोतीलाल, रिकामं टोपलं छातीशी धरून, असा काही हसला की वऱ्हाडातल्या म्हाताऱ्याला वाटलं नवरीचा मामा वेडा आहे. “आलो जी श्यामराव, चुकलो बे,” तो म्हणाला आणि धावला. मग बांध फुटला. “मोत्या, पाणी आण बे.” “मोत्या, तिकडे नको, इकडे मर.” ज्याला त्याला आठ वर्षांची थकबाकी काढायची घाई. कढईत मागे ठेवलेली, वाढप्यांच्या वाट्याची बुंदी होती, ती काढून वऱ्हाडाची रांग सावरली. गावाची इज्जत राहिली. वाढप्यांचं गोड गेलं.

वरात निघून गेल्यावर मांडवामागे चुलीपाशी शेवटची पंगत बसली. कमरेला दुपट्टे बांधलेली माणसं आणि त्यांच्यात मोतीलाल, मांडी घालून, जमिनीवर. शेजारी रुखमा. तिला आज कोणी घरी बसा म्हटलं नव्हतं, घर तिचंच होतं. बुडाचा भात खरवडून आला. गोड नाही म्हणून सगळे मोतीलालला सोलत होते आणि तो सोलून घेत होता, एकेक शब्द चाखत.

तेवढ्यात गोमाजी आले. निंबाखालून उठून घरी गेले होते ते, परतले हातात गुळाची ढेप घेऊन. कोणाकडे न बघता रांगेतून वाढू लागले. प्रत्येकाला एक खडा. मोतीलालपाशी आले आणि सवयीनं हात मोठा झाला. चांगला मूठभर खडा त्याच्या पत्रावळीवर पडला.

“गोमाजी,” श्यामराव म्हणाले, “साळ्याले येवढा कायले?”

म्हातारा थांबला. वाकला, पत्रावळीवरचा खडा उचलला, गुडघ्यावर फोडला, अर्धा रुखमाला दिला, अर्धा मोतीलालला. मोतीलालनं गूळ भातात कुस्करला. भात होता तरी किती, दोन घास. त्यानं वर पाहिलं आणि भीत भीत सासऱ्याला विचारलं, “मामाजी, भात हाय का जी अजून?”

गोमाजींनी गंजात डोकावलं. गंज वाजवून पाहिला.

“संपला बे,” ते म्हणाले.

आणि आपण काय बोललो ते कळायच्या आत चुलीपाशी असा हशा उसळला की मांडवावरच्या जांभळीचा पाला सगळ्यांच्या भातात पडला.